दोषाचे माप कोणाच्या पदरात?

लग्नाला चार-सहा वर्षे होतात, दिवस जातात पण राहत नाहीत, किंवा जातच नाहीत. अशा वेळी घरातला पहिला प्रश्न बाईला विचारला जातो. वर्धा जिल्ह्यात आर्वी-आष्टीपासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत कुठेही गेले तरी हे चित्र फारसे बदलत नाही, आणि उरलेल्या महाराष्ट्रातही बदलत नाही. कोणी पत्रिका उघडून पितृदोष सांगतो, कोणी सर्पहत्येचे जुने पाप काढून त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळी करायला लावतो, कोणी विहिरीवरच्या साती आसरांचा कोप झाल्याचे बजावतो. मग कधीतरी ही बाई सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या रुग्णालयात पोहोचते, रक्त तपासले जाते आणि अहवालात अँटीबॉडी पॉझिटिव्ह असल्याचे येते. घरी जाईपर्यंत त्या अहवालाचे एक वाक्य झालेले असते: हिचेच शरीर गर्भाला टिकू देत नाही. पत्रिकेतला दोष गेला, रक्तातला आला; माप मात्र त्याच पदरात पडले. हा प्रश्न वैद्यकाचा दिसत असला तरी मुळात तो धर्मविचाराचा आहे. एखाद्या घटनेचे कारण एखाद्याच्या शरीरात सापडले, म्हणून त्या घटनेचा दोष त्या माणसाचा ठरतो का? माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. तो नकार केवळ आधुनिक विज्ञानाच्या बळावर उभा नाही. आपल्या धर्मपरंपरेतला जो भाग सर्वांत विचारी आहे, तोही हेच सांगतो असे मला वाटते.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. बीजांड सुटल्यावर फलन झाले, की तो इवलासा गोळा गर्भाशयाकडे सरकतो आणि साधारणपणे आठव्या ते दहाव्या दिवशी अस्तरात रुजतो. हे रुजणे ही गर्भधारणेतली सर्वांत नाजूक पायरी आहे. रुजणाऱ्या जीवाचा अर्धा वारसा बापाकडून आलेला असतो, म्हणजे आईच्या रोगप्रतिकारक यंत्रणेच्या दृष्टीने तो अर्धा परका. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले तर जे शरीर ते फेकून देते, तेच शरीर हा अर्धा परका नऊ महिने कसा सांभाळते, हे कोडे ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये मांडले. तेव्हापासून त्याची उत्तरे तुकड्या-तुकड्यांनी मिळत आहेत. आईची प्रतिकारयंत्रणा त्या काळात झोपलेली नसते, ती कामात गुंतलेली असते. काही पेशी इतर पेशींना आवर घालतात, काही वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात. आणि अँटीबॉडी, ज्यांना पाठ्यपुस्तकांत प्रतिपिंड म्हणतात, त्यांचा एक मोठा वाटा तर वारेतून बाळाकडेच जातो. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत गोवर-धनुर्वातासारख्या रोगांपासून बाळाला जे संरक्षण मिळते, ते या आईच्या अँटीबॉडींचे देणे असते.

कधी कधी मात्र हीच यंत्रणा स्वतःच्या शरीरातल्या घटकांविरुद्ध अँटीबॉडी बनवू लागते. त्यांपैकी गर्भाच्या बाबतीत ज्यांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे त्या अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी. लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये या विकाराची नीट ओळख करून दिली. या अँटीबॉडी वारेच्या पेशींच्या पृष्ठभागाला चिकटतात, त्या पेशींची अस्तरात शिरण्याची ताकद कमी करतात, दाह वाढवतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ देतात. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे १५ टक्क्यांत हे कारण सापडते. आणि हे कारण असहाय करणारे नाही. इंग्लंडमध्ये राय आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा ९० स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात केवळ अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के आणि अ‍ॅस्पिरिनसोबत हेपरिनची इंजेक्शने घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले. पण एक मर्यादाही सांगितली पाहिजे. या अँटीबॉडी रुजलेला गर्भ पाडतात याचा पुरावा चांगला आहे. गर्भ मुळातच रुजू देत नाहीत, विशेषतः टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, याचा पुरावा कमकुवत आहे. म्हणून केवळ गर्भ रुजत नाही म्हणून या अँटीबॉडी सरसकट तपासू नयेत, असे अमेरिकी वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेने म्हटले आहे. विज्ञान इतके जपून बोलत असताना घरातले निदान मात्र ठाम असते.

या अँटीबॉडींचा शोध ज्या वाटेने लागला, ती वाट आपल्या प्रश्नासाठी फार बोलकी आहे. सिफिलिस, म्हणजे गरमी, ओळखण्यासाठी रक्ताची एक तपासणी होती आणि तिचे व्हीडीआरएल नावाचे रूप आजही आपल्याकडे गरोदर बाईची नेहमीची तपासणी म्हणून होते. मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ मध्ये बैलाच्या हृदयातून कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ वेगळा केला. या तपासणीत रक्तातील अँटीबॉडी ज्याला चिकटतात तो हाच पदार्थ. पुढे डॉक्टरांच्या लक्षात आले, की काही लोकांची तपासणी पॉझिटिव्ह येते पण त्यांना सिफिलिस झालेलाच नसतो. १९५२ मध्ये मूर आणि मोहर यांनी या खोट्या पॉझिटिव्ह निकालांवर लिहिले. यांतल्या काही स्त्रिया ल्यूपससारख्या विकाराने आजारी होत्या आणि त्यांचे गर्भ पुन्हा पुन्हा पडत होते. ज्या अँटीबॉडींमुळे गर्भ पडत होता, त्याच अँटीबॉडींमुळे तपासणी खोटी पॉझिटिव्ह येत होती. क्षणभर विचार करावा: त्या बाईवर काय गुदरले असेल. गर्भ गेला, आणि वर रक्ताचा अहवाल तिच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या चारित्र्यावर बोट दाखवू लागला. अहवालात फक्त एवढेच होते, की एक प्रथिन एका स्निग्ध पदार्थाला चिकटले. त्यात पाप कोणी वाचले? वाचणाऱ्यांनी वाचले. निसर्गातल्या घटनेला नैतिक अर्थ चिकटवणे किती सोपे आहे आणि तो अर्थ किती पूर्णपणे चुकू शकतो, याचा यापेक्षा स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

आता धर्मविचाराकडे वळू. परंपरेत एक बाजू अशी आहे जी या बाईला दोषी धरते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. काश्यपसंहितेतल्या रेवतीकल्पात जातहारिणी येते. ती गर्भ आणि बाळे हिरावून नेते, आणि तिला वाट मिळते ती बाईच्या अधर्माने वागण्यामुळे, असे तिथे सांगितले आहे. कर्मविपाकाच्या ग्रंथांत निपुत्रिकपणाला पूर्वजन्मीच्या पापांची यादी जोडली आहे. लोकश्रद्धेतली सटवाई कपाळावर लिहून जाते आणि ते पुसता येत नाही. पण याच परंपरेत दुसरी बाजूही आहे आणि ती अधिक विचार करून उभी राहिलेली आहे. सुश्रुताने गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशी चार कारणे सांगितली आणि पिकाच्या अंकुरासारखी ती चारही जुळून यावी लागतात असे म्हटले. चरकाने विमानस्थानात स्पष्ट प्रश्न केला, की आयुष्य आधीच ठरलेले असेल तर औषध कशाला. चरक दैव नाकारत नाही. पूर्वकर्म हे रोगाचे एक कारण तो मानतो. पण ते एकच कारण मानायला तो तयार नाही, आणि वैद्यकाचा सारा व्यवसायच त्या नकारावर उभा आहे. संयुक्त निकायातल्या मोळियसीवक सुत्तात हाच प्रश्न बुद्धाला थेट विचारला जातो: माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच का? बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचे एकत्र येणे, ऋतुबदल, विषम वागणूक, अचानक झालेला आघात अशी कारणे एकेक करून सांगतो आणि कर्मफळ आठवे म्हणून मोजतो. जे सारे दुःख पूर्वकर्माचे म्हणतात ते माहीत असलेल्या गोष्टींच्या पलीकडे धावतात, असा त्याचा निर्वाळा आहे.

वर्धा जिल्ह्यात या विचाराचा एक खास धागा सापडतो. विनोबांनी वर्ध्यात १९३० च्या ऑक्टोबरात गीताईला हात घातला आणि १९३१ च्या फेब्रुवारीत ती पूर्ण केली. पुढच्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली. गीताईमुळे अठरावा अध्याय इथल्या घराघरांत पोहोचला. त्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि दैव. शरीर, वाणी, मन यांनी माणूस जे काही करतो, बरे असो वा वाईट, त्याला ही पाचही लागतात. आणि एवढे असताना जो केवळ स्वतःला कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असे तिथे म्हटले आहे. गीता हे बोलते ते जाणूनबुजून केलेल्या कृतीबद्दल. गर्भ रुजणे ही तर कोणाची कृतीच नाही. कोणत्याही स्त्रीने ठरवून अँटीबॉडी बनवलेली नाही, ठरवून ती थांबवता येत नाही. जिथे जाणीवपूर्वक केलेल्या कर्मातही एकट्या कर्त्यावर सारे टाकणे गीतेला मान्य नाही, तिथे जी क्रिया बाईच्या इच्छेला विचारतही नाही तिचा भार तिच्यावर टाकणे गीतेच्या नावाने कसे चालेल? गीता वाचणाऱ्या घरांना हा प्रश्न मी मनापासून विचारतो, कारण या घरांतही सुनेकडे बघण्याची नजर बदललेली नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो गांधीजींच्याच नावाने घेता येतो. अस्पृश्यतेविरुद्धची त्यांची हरिजन यात्रा १९३३ च्या ७ नोव्हेंबरला वर्ध्याहून सुरू झाली. यात्रा चालू असतानाच १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांना ते सहन झाले नाही. भौतिक संकटाची कारणे भौतिक घटनांच्या जुळणीत शोधावी लागतात, अशी त्यांची भूमिका होती. शिवाय भूकंपात मेलेल्यांत निरपराध मुले आणि अस्पृश्यही होते, आणि अन्याय करणारे दूर सुरक्षित राहिले, हेही त्यांनी दाखवून दिले. गांधीजींनी टागोरांचे निवेदन स्वतःच्या ‘हरिजन’मध्ये छापले आणि त्याला उत्तरही दिले, श्रद्धा त्यांनी सोडली नाही. तेव्हा आक्षेप असा: महात्म्यालाही निसर्गात नैतिक हेतू दिसत असेल, तर गर्भ न रुजण्यात तो बघणाऱ्या सामान्य माणसाला तुम्ही कोणत्या अधिकाराने अडवता? माझे उत्तर दोन भागांत आहे. पहिला, या वादात टागोर बरोबर होते असे मला वाटते, आणि सेवाग्रामच्या मातीवर उभे राहून हे म्हणायला हरकत नसावी. दुसरा अधिक महत्त्वाचा. गांधीजींनी ‘आपले’ पाप म्हटले होते. ज्यांची घरे कोसळली त्यांच्याकडे बोट दाखवून ‘तुमचे’ पाप असे म्हटले नव्हते. संकटाच्या निमित्ताने माणसाने स्वतःला तपासणे एक, आणि संकटात सापडलेल्याला तपासणे वेगळे. सासू म्हणाली असती, आम्ही सर्वांनी मिळून काही चुकवले असेल, चला आपण सुधारू, तर तो गांधींचा मार्ग झाला असता. सासू असे म्हणत नाही. दोष नेहमी ज्याच्या घरात दुःख आहे त्याच्याच, आणि त्यातही जिच्या पोटात ते घडले तिच्याच, नावावर लिहिला जातो. म्हणून गांधींचे नाव घेऊनही तो बचाव टिकत नाही.

उलट गांधींच्याच प्रभावळीतल्या लोकांनी या जिल्ह्यात एक असा रोग पापाच्या पकडीतून सोडवला ज्याला हजारो वर्षे पापाचे फळ मानले गेले होते. कुष्ठरोगी म्हणजे गावाबाहेरचा, पूर्वजन्मीचा अपराधी. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने मालीश केली. त्यांची कुटी आश्रमात आजही आहे. पुढे १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग निधीची स्थापना झाली, त्याचे केंद्र वर्धा झाले, आणि डॉ. रा. वि. वारदेकरांनी घरोघरी पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार यांची जी पद्धत बसवली ती पुढे देशभर वापरली गेली. या कामाचे यश औषधाच्या गोळीइतकेच कारणाच्या माहितीत होते. हा जंतूचा रोग आहे, त्याला गोळी आहे, याचे पापाशी काही घेणेदेणे नाही, एवढे वाक्य लोकांच्या गळी उतरवायला वर्षे लागली. आणि कुष्ठरोगाचे शास्त्र आपल्या विषयाला थेट येऊन मिळते. एकाच जंतूचा संसर्ग झालेल्या दोन माणसांत एकाचा रोग थोडक्यात आवरतो आणि दुसऱ्याचा सर्वांगावर पसरतो, ते त्यांच्या प्रतिकारशक्तीच्या तऱ्हेमुळे. मज्जातंतूंचे नुकसान बरेचदा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकाराने होते. इतकेच काय, पसरलेल्या कुष्ठरोगातही कार्डिओलिपिनविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात आणि व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे ज्या रक्ताने गर्भपात होणाऱ्या बाईवर संशय आणला, तशाच रक्ताने कुष्ठरोग्यावरही आणला. कुष्ठरोग्याला जे न्याय्य ठरले ते तिला का नाही? शरीराच्या आतून कारण आले म्हणून कुष्ठरोगी दोषी ठरत नाही, हे वर्धा जिल्ह्याने देशाला शिकवले. गर्भाशयाच्या बाबतीत तोच जिल्हा, तोच समाज, तोच धडा विसरतो.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञाचा आहे. कारण आणि दोष यांत फरक आहे हे मान्य. पण कारण जर तिच्या शरीरातच आहे तर काही ना काही अर्थाने ती कारण आहेच की, मग शब्दांचा खेळ कशाला? याला एक प्रयोगच उत्तर देतो. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेत डॉ. गुरसरन तलवार यांनी गर्भ टिकवणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाविरुद्ध अँटीबॉडी तयार करणारी लस बनवली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४८ स्त्रियांनी ती स्वेच्छेने घेतली होती. ज्यांच्या रक्तात अँटीबॉडी पुरेशा राहिल्या त्यांच्यात १२२४ मासिक चक्रांत एकच गर्भधारणा झाली, आणि अँटीबॉडी ओसरल्यावर गर्भ पुन्हा राहू लागले. गर्भ न टिकण्याचे शारीरिक कारण इथेही अँटीबॉडीच, तीही आईचीच. पण या स्त्रियांना कोणी पापी म्हणाले नाही. त्यांनी कुटुंबनियोजनाचा निर्णय घेतला होता. नैतिक प्रश्न, असलाच तर, त्या निर्णयाला लागू होतो, अँटीबॉडीला नाही. अँटीबॉडी तीच, एकीकडे इच्छा आहे आणि दुसरीकडे नाही. जिथे इच्छा नाही, जाणीव नाही, टाळण्याची शक्यता नाही, तिथे कारण असते, कर्तेपण नसते. शिवाय, बाईच्या शरीरात कारण आहे हे वाक्यही अर्धेच खरे आहे. ज्या परक्या अर्ध्यामुळे ही सारी कसरत लागते तो अर्धा बापाचा आहे. आणि सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत कारण गर्भाच्या गुणसूत्रांतली चूक असते, जिचा आईच्या अँटीबॉडीशी काही संबंध नाही. अमेरिकेत विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीची तपासणी केली. त्यांत सापडलेल्या १९८ गर्भधारणांपैकी ३१ टक्के गेल्या, आणि त्यांतल्या बहुतेक गर्भ राहिला हे कळण्याआधीच गेल्या. फलनापासून धरले तर दहापैकी जवळपास सात जीव जन्मापर्यंत पोहोचत नाहीत असा अंदाज आहे. हे जर शिक्षेचे चिन्ह असेल तर ती शिक्षा पृथ्वीवरच्या जवळपास प्रत्येक स्त्रीला, तिच्या नकळत, होत आली आहे. असा न्याय करणारा ईश्वर मानणे हेच मला अधर्माचे वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत माणुसकीचा आहे आणि त्याला मी आदराने उत्तर देतो. कर्माचा सिद्धांत दुःखाला अर्थ देतो. तो काढून घेतला तर त्या बाईच्या हाती फक्त योगायोग उरतो, आणि योगायोगापुढे रडायलाही जागा नसते. हे खरे आहे की पुष्कळ स्त्रिया व्रत करतात, ओटी भरतात, नवस बोलतात आणि त्यातून धीर मिळवतात. त्या धीरावर हात टाकण्याचा माझा हेतू नाही. पण आधार देणारा अर्थ आणि दोष देणारा अर्थ यांत भेद करता येतो. देवीपुढे रडणाऱ्या बाईला देवी कधी ‘तुझ्या पापाने’ म्हणाल्याचे कोणी ऐकलेले नाही; हे वाक्य माणसेच बोलतात. डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’मध्ये पूर्वजन्माच्या कर्माचा सिद्धांत बुद्धाचा असू शकत नाही अशी मांडणी केली आणि त्या सिद्धांताचा उपयोग काय याचे उत्तरही दिले: गरिबांच्या आणि हीनांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला टाळता येते. वर्धा-नागपूर पट्ट्यात हे पुस्तक घरोघरी आहे. वांझ म्हणून हिणवलेल्या बाईच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरते. तिच्या पूर्वजन्माकडे बोट दाखवले, की तिचे हिमोग्लोबिन, तिच्या थायरॉइडची तपासणी, नवऱ्याची वीर्यतपासणी, इंजेक्शनांचा खर्च, या जन्मातल्या कशाचीच चौकशी करावी लागत नाही. आणि जिथे चौकशी नाही तिथे भोंदू शिरतो. दैवी शक्तीने मूल होईल असे सांगून बाईचा गैरफायदा घेणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा म्हणून वेगळे नमूद करावे लागले, याचा अर्थ हे पुष्कळ घडत होते.

मात्र विज्ञानाच्या नावाने नवा कर्मविपाक उभा राहू नये, ही माझी तितकीच मोठी चिंता आहे. टॉर्च नावाची तपासणी आपल्याकडे गर्भपात झालेल्या बाईला सर्रास लिहून दिली जाते. तिच्यात दिसणाऱ्या आयजीजी अँटीबॉडीचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की पूर्वी कधीतरी संसर्ग होऊन गेला आणि शरीराने तो लक्षात ठेवला. पुन्हा पुन्हा गर्भपात होण्याचे ते कारण ठरत नाही. तरी त्या कागदावर औषधे दिली जातात आणि मनात धास्ती बसते. नवऱ्याच्या रक्तातल्या पेशी बायकोला टोचून तिची प्रतिकारयंत्रणा ‘शिकवण्याचा’ उपचार काही वर्षे जगभर चालला. १९९९ मध्ये ओबर आणि सहकाऱ्यांच्या नियंत्रित चाचणीत उपचार घेतलेल्या गटाचे यश न घेतलेल्यांपेक्षा कमीच आढळले, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला संशोधनाबाहेर मनाई केली. थायरॉइडविरुद्ध अँटीबॉडी असलेल्या पण थायरॉइड नीट चालणाऱ्या ९५२ स्त्रियांवर ब्रिटनमध्ये चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. औषध घेणाऱ्यांत ३७.४ टक्के, औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ३७.९ टक्के स्त्रियांना बाळ झाले. अँटीबॉडी सापडली म्हणजे गुन्हेगार सापडला, असे समजणाऱ्या उपचाराने स्त्रीचे पैसे, शरीर आणि आशा खर्च होतात. यावर कोणी म्हणेल, की मग विज्ञानालाही नीट माहीत नाही, तुम्ही त्याच्यावर एवढी भिस्त कशी ठेवता? फरक एवढाच आहे, की विज्ञानाने आपला चुकीचा उपचार स्वतः तपासला आणि आपणहून मागे घेतला. नागबळीच्या यशाची अशी तपासणी आजवर कोणी केलेली नाही, आणि पितृदोष खोटा ठरेल अशी अट कोणत्याही पत्रिकेत लिहिलेली नाही.

जबाबदारी नाकारण्याचा हा मार्ग आहे असे मात्र कोणी समजू नये. दोष मागे बघतो, जबाबदारी पुढे. अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी असलेल्या बाईने गरोदरपणात रोज पोटावर इंजेक्शन घ्यायचे असते, ते कंटाळवाणे, दुखरे आणि महाग काम आहे. ती जबाबदारी आहे आणि ती एकटीची नाही. ते इंजेक्शन आणणे, वेळेवर देणे, तिला रुग्णालयात नेणे, शेतातल्या कामातून सोडवणे, यात नवरा, सासर, माहेर, आशाताई आणि सरकारी दवाखाना सर्वांचा वाटा आहे. कस्तुरबांच्या निधनानंतर डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला जो लहानसा दवाखाना सुरू केला तो स्त्रिया आणि मुलांसाठी होता; त्यातूनच १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. सावंगीच्या मोठ्या रुग्णालयाला विनोबांचे नाव आहे. गीतेची पाच कारणे सांगणाऱ्याच्या नावाच्या इमारतीत बाईला एकटीला कारण धरले जाऊ नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

म्हणून वाचकाला विनंती आहे, विशेषतः ज्यांच्या घरात सून किंवा लेक या दुःखातून जात आहे त्यांना. पहिल्या तपासणीला नवऱ्यालाही सोबत पाठवा आणि त्याची वीर्यतपासणी पहिल्याच आठवड्यात करून घ्या. गर्भ पुन्हा पुन्हा पडत असेल तर डॉक्टरांना अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीच्या तपासणीबद्दल विचारा. एकदा पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका, किमान १२ आठवड्यांनी ती पुन्हा पॉझिटिव्ह आल्याशिवाय निदान पक्के होत नाही. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली तर कोणाच्याही चारित्र्याबद्दल एक शब्द बोलण्याआधी टीपीएचए ही खात्रीची तपासणी करून घ्या. आणि निदान पक्के झाले, तर त्यावर अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिन आहे.